सोळा तांबे, एक बोंडलं

रेवदंड्याच्या खाडीवरच्या टेकडीत कातळ कोरून केलेलं पाण्याचं एक टाकं होतं. कित्येक पिढ्या ते गाळानं भरलेलं होतं. एकोणीसशे एकोणतीसच्या वैशाखात चांगदेव मोजणीदार ते उपसून त्याचा नकाशा काढायला मुंबईहून आला. टाक्याला आतून लालसर गिलावा होता. विटांची भुकटी चुन्यात कालवून असा गिलावा समुद्रापलीकडचे रोमी लोक करीत. दोन हजार वर्षांपूर्वी त्यांची गलबतं या किनाऱ्याला लागत. कुणा रोमी व्यापाऱ्यानं हे टाकं करवून घेतलं असेल, तर त्याचं नाव आत कुठंतरी कोरलेलं असणार, असा चांगदेवाचा कयास होता.

टेकडीखालच्या सोळा घरांना नाव नको होतं, पाणी हवं होतं. मागल्या पावसात खाडीचा बांध फुटला आणि विहिरीत खारं पाणी शिरलं. निम्मी घरं निघायच्या बेतात होती. तळाशी झरा असणार, आठ दिवसांत तळ लागेल, असं चांगदेवानं सांगितलं. त्याच्या शब्दावर सगळे थांबले. आवडाबाई तर थांबणारच होती. तिच्या सुनेचे, ठमाबाईचे, दिवस भरत आले होते. आवडाबाईचा मुलगा सदू रोज खणायला येई.

मातीचा नियम साधा आहे. आधी पडतं ते खाली, मागून पडतं ते वर. पहिल्या दिवशी वरच्याच थरात दोन कानांच्या रोमी रांजणांची खापरं निघाली. चांगदेव ती धोतराच्या सोग्यानं पुसत बसला. खणणाऱ्यांतला म्हातारा बाळाजी म्हणाला, "सायबांना फुटकं खापर गावलं का पोट भरतं. आमाला मातूर पानी लागतं."

तिसऱ्या दिवशी, त्याखाली, फिरंग्यांच्या निळ्या बशा निघाल्या. पाचव्या दिवशी, त्याहून खाली, हल्लीची मंगळुरी कौलं. कुणीतरी जुना उकिरडा उपसून इथं उलटा ओतला असावा, असं चांगदेवानं वहीत लिहिलं. पण बशा अखंड होत्या. ओतलेल्या बशा अखंड राहत नाहीत, हे त्यानं लिहिलं नाही.

आठव्या दिवशी तळ लागला. कोरडा, गुळगुळीत. झरा नव्हता.

तळावर तांबे पालथे ठेवलेले होते. सोळा. हिरव्या गंजानं इतके खाल्लेले की बोट लावलं तर पापुद्रा निघे. या वस्तीत कुणी गाव कायमचं सोडलं, तर ज्या पाण्यावर वाढलो त्याच्या काठी एक तांब्या पालथा घालून जायची रीत होती. चांगदेवानं एक घासला. टोचलेल्या ठिपक्यांत नाव होतं, ते त्यानं मोठ्यानं वाचलं. 'बाळाजी', आणि पुढं बापाचं नाव.

बाळाजीनं ते ऐकलं आणि कुदळ खाली ठेवली. त्याचा तांब्या त्या वेळी काठावर होता, त्यातलं पाणी तो नुकताच प्यायला होता.

सोळाही नावं त्या सोळा घरांची निघाली. मधे एक लहानसं बोंडलंही होतं, तान्ह्या पोराला दूध पाजायचं. चांगदेवानं ते घासलं, वाचलं आणि मुठीत धरलं.

आवडाबाई पायऱ्या उतरून आली. यावर काय लिहिलंय, असं तिनं विचारलं. नुसती नक्षी आहे, असं तो म्हणाला.

तिनं ते त्याच्या मुठीतून काढून घेतलं. तिथल्या बायकांना वाचता येत नसे, पण हंड्याकळशांच्या गर्दीत आपलं भांडं त्या ठिपके चाचपून ओळखत. तिचं बोट एकेका ठिपक्यावरून गेलं.

"सायेब, माज्या तांब्यावं सदूचं नाव हाय, मागनं त्याच्या बापाचं. ह्ये बापाचं हाय."

नवऱ्याचं नाव ती विधवा झाल्यावरही घेत नसे. चांगदेवानं ते मनातच म्हटलं. कान्हा.

"नातू झाला तर ह्येच ठेवायचं व्हतं," ती म्हणाली. "अजून कुनाला बोलले न्हाय."

ती सगळी भांडी पेटीत भरून चांगदेवानं त्याच दिवशी मुंबईला पाठवली.

त्यानंतर चौथ्या दिवशी ठमाबाईला मुलगा झाला. आवडाबाईनं नवं बोंडलं आणलं, त्यावर नाव टोचू दिलं नाही. बारसंही करायचं नाही, म्हणाली. खाऱ्या पाण्यानं ठमाबाईचं दूध आटलं होतं. पेज त्याच पाण्याची शिजे. चांगदेव रेवदंड्याहून घागरीनं गोडं पाणी आणी. ते सोळा घरांत घोटभरच होई. जन्मापासून नवव्या दिवशी दुपारी पोर गेलं.

मग कुणी थांबलं नाही. विहिरीकडे न जाता एकेक घर टाक्यात उतरे, तांब्या पालथा घाली आणि वर येई. तळाच्या धुळीत जुन्या भांड्यांची वर्तुळं राहिली होती. कुणी बघत नव्हतं, तरी प्रत्येकाचा तांब्या वर्तुळातच बसत होता.

शेवटी आवडाबाई. तिनं तांब्या ठेवला. कनवटीतून कोरं बोंडलं काढलं आणि तेही ठेवलं. वर येऊन ती चांगदेवापाशी थांबली.

"आठ दिस म्हनाला व्हता," एवढंच म्हणाली.

गाड्या टेकडीआड गेल्या. चांगदेव शेवटचं माप घ्यायला टाक्याच्या पायऱ्या उतरून वाकला, तर तळ काळा दिसला. कातळ ओला झाला होता. बघता बघता पाणी चढलं, स्वच्छ. त्यानं ओंजळीत घेऊन चाखलं. गोडं होतं. त्यानं हाक मारली. खाडीवरून वारा उलटा येत होता.

पाणी तांब्यांवर आलं. पालथ्या भांड्यात हवा अडकते, पाणी चढलं की भांडं कलतं आणि ती बुडबुडत बाहेर येते, हे त्याला ठाऊक होतं.

सोळा तांब्यांतून एकही बुडबुडा आला नाही.

फक्त बोंडल्यातून आवाज येत होता. घोट घेतल्यासारखा. मधे थांबून, दम घेऊन, पुन्हा.