शिफ्टवालीची जागा

दुपारचं जेवण झालं की आमच्या घरातले पंखे बंद होतात. हा नियम माझ्या नातीचा, प्रांजलीचा. ती घरीच गाण्यांचं मिक्सिंग करते, म्हणजे ध्वनिमुद्रित केलेले आवाज एकमेकांत असे बसवते की कोणी कोणाला झाकू नये आणि गाणं मात्र एक वाटावं. भिलाईजवळच्या कुरुदचं हे घर लहान आहे, त्यामुळे तिचा स्टुडिओ माझ्याच खोलीत आहे. मोठे स्पीकर लावले तर शेजारी भिंत वाजवतात, म्हणून तिचं सगळं काम हेडफोनवर. मी पलंगावर पडून तिची पाठ बघते. मान डोलली की काम चाललंय, मान थांबली की अडलंय.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ती मान बरेच दिवस थांबलेली होती.

काम आमचंच होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, विदर्भातून आलेल्या आम्ही बायका दर वर्षी भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडायचो आणि संध्याकाळी एकेका क्वार्टरमध्ये जमून गाणी म्हणायचो. मी वर्ध्याहून लग्न होऊन आले तेव्हापासूनची ही गोष्ट. आता त्यातल्या उरलेल्या कुणी नेहरूनगरला, कुणी स्मृतिनगरला, मुलांच्या घरी. मराठी मंडळाने ठरवलं की ही गाणी आमच्याच आवाजात राहिली पाहिजेत. आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून प्रांजलीने मध्ये दोन माइक उभे केले, प्रत्येकीच्या पदराला एकेक छोटा माइक लावला, आम्ही भोवती गोल बसलो आणि गायलो. प्रकाशन करणार होता नागपूरचा शुभंकर. त्याचा तिथे स्टुडिओ आहे.

पहिलं मिक्सिंग त्याने परत पाठवलं. फोन स्पीकरवर होता, आमच्यातल्याच वच्छलाबाई माझ्याजवळ बसलेल्या होत्या.

"हेडफोनवर गोड लागतं, बाहेर वाजवलं की नुसता चिखल," तो म्हणाला. "मावश्यांचे आवाज थकलेत, त्यात तुझा काय दोष. माझ्याकडे गाणाऱ्या मुली आहेत. जमलं नाही तर त्यांच्याकडून गाऊन घेऊ."

फोन ठेवल्यावर वच्छलाबाईंनी पानाचा डबा उघडला. "म्हंजे गाणे आमचे अन् तोंड त्या पोरीइचे?"

"तसंच झालं," मी म्हणाले.

"मंग आमी त्या दिवशी कायले नवे लुगडे नेसून आल्तो?"

प्रांजली हसली नाही. तिने आम्हाला शब्द दिला होता. वच्छलाबाई आणि मी धरून आमच्यातल्या कितीजणी पुढची कोजागिरी बघतील, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्यांदा गायला आम्ही जमणार नव्हतो. जे होतं ते त्या एका दुपारच्या आवाजात होतं.

मग तिने एक नवं सॉफ्टवेअर घेतलं.

"आजी, हर एक हेडफोन थोडा झूठ बोलते," तिने मला समजावलं. "माझा हेडफोन जाडा आवाज कमी दाखवून राहिला होता, तर मी वाढवत गेली. बाहेर तो डबल झाला. हे सॉफ्टवेअर त्या हेडफोनचं झूठ पकडते अन् उलटं करून मिटवते. मंग जे आहे तेच ऐकू येते."

"म्हणजे नंबर चुकलेला चष्मा होता."

"बस, वही. आता नंबर बरोबर झाला."

मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, ध्वनीचा धडा तर दर वर्षी. मला ते पटलं. तिने हेडफोन माझ्या कानांना लावला आणि एक बटण दाबलं. खरंच, आमच्या आवाजांवरची घोंगडी कोणीतरी ओढून काढल्यासारखं वाटलं. वच्छलाबाईंचा धाप लागलेला श्वास, बांगड्या, माझं स्वतःचं किंचित बेसूर होणं, सगळं जिथल्या तिथे. प्रांजलीने चिखल उपसला आणि दुसरं मिक्सिंग पाठवलं.

शुभंकरचा निरोप दोन ओळींचा होता. आता स्वच्छ आहे, पण डावीकडे भोक आहे, तोंडातला दात पडावा तसं. आणखी एकदा बघू, मग मुलींना बोलावतो.

"आजी," प्रांजली माझ्याकडे वळली, "तुम्ही लोकांनी गोल पूरा कावून नाही केला? इथे डाव्या बाजूले एक माणसाची जागा खाली आहे. पहिले चिखलात दिसली नाही."

मला ते त्या क्षणी कळलं.

प्लांटमध्ये शिफ्ट बदलत्या. आज एकीचा नवरा फर्स्टला, तर उद्या दुसरीचा सेकंडला. त्यामुळे भुलाबाईला रोज कोणीतरी उशिरा यायची, नवऱ्याला चहा देऊन किंवा डबा भरून. तिच्यासाठी दाराजवळ एक जागा सोडायची असा आमच्या स्ट्रीटचा रिवाज होता. तिने यावं, चपला काढाव्या आणि कोणाला न हलवता बसावं. त्या जागेला आम्ही शिफ्टवालीची जागा म्हणायचो. आता आमचे नवरे निवृत्त झाले, बरेचसे गेले. तरी त्या दुपारी आम्ही न बोलता, न ठरवता ती जागा सोडून बसलो होतो. माझ्या बैठकीत दार उजवीकडे आहे. आम्ही सोडली डावीकडे, जिथे माझ्या जुन्या क्वार्टरचं दार होतं.

"वाह," प्रांजली डोक्याला हात लावून म्हणाली. "सब के सब?"

"सगळ्याच."

तिने ती जागा भरायचा प्रयत्न केला. वच्छलाबाईंचा आवाज उचलून तिथे ठेवला, माझा ठेवला, थोडा घुमारा घातला. पण दुरुस्त केलेला हेडफोन आता काही लपवत नव्हता. भरलेले आवाज मेणाच्या दातासारखे वेगळे दिसत. तिने ते काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. आठवडा असाच गेला.

त्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय होती. गाणं निरनिराळ्या ठिकाणी कसं वाजेल ते हेडफोनवरच ऐकता येई. मोठा स्टुडिओ, लहान स्टुडिओ, मोटार, लॅपटॉप. यादीत सगळ्यात खाली एक ओळ होती, तिला नाव नव्हतं.

"हे काय आहे?"

"पता नहीं. छोटी खोली वाटून राहिली. ऐक."

मी हेडफोन लावला, आणि माझी मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळली. आमच्या कुरुदच्या नाही. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या.

सिमेंटच्या उघड्या जमिनीला एक कडक पडसाद असतो. उंच छताला दुसरा. मागचं दार अंगणात उघडं राहिलं की उजवीकडचा आवाज पातळ होऊन बाहेर निघून जातो. डावीकडे जाळीच्या दाराचा आडोसा. सगळ्यांच्या मागे, इतका खालचा की ऐकू येण्याऐवजी दातांत जाणवावा असा, प्लांटचा अखंड घरघराट. मी त्या खोलीत बावीस वर्षं संसार केला. ती क्वार्टर्स पाडून काळ लोटलाय, तिथे आता गाजरगवत आहे. अशा सोयीसाठी आधी खोली मोजावी लागते, आणि मोजायला ती खोलीच उरलेली नाही.

मी स्वतःला सांगितलं, सरकारी क्वार्टर्स सगळीकडे सारखीच, म्हातारपणी माणूस आपलं तेच ऐकतं. प्रांजलीला काही बोलले नाही.

दुसऱ्या दुपारी मी प्रांजलीकडून हेडफोन पुन्हा मागून घेतला. वर्गात मुलांना मी सांगत असे, रिकामी खोली घुमते, माणसं बसली की घुमत नाही, कारण अंग आवाज पिऊन टाकतं. त्या खोलीत आम्ही सगळ्या आपापल्या जागी होतो. आणि डावीकडे, दाराशी, जिथे कोणीच बसलेलं नव्हतं, तिथून आवाज परत येत नव्हता.

तिथे कोणीतरी आवाज पीत होतं.

"प्रांजली, डावा कान उजव्याला लाव अन् उजवा डाव्याला."

"कायले?"

"लाव तर."

तिने हेडफोन उलटा करून दिला. गोलातल्या सगळ्या बायका बाजू बदलून बसल्या. वच्छलाबाई डावीकडे आल्या, मी उजवीकडे गेले. रिकामी जागाही उजवीकडे जायला हवी होती.

ती डावीकडेच राहिली. दार जिथे होतं तिथेच.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मला भीती वाटली नाही. मला कमला आठवली.

कमला आमच्या स्ट्रीटची कायमची शिफ्टवाली. नवरा प्लांटच्या रेल मिलमध्ये, रेल्वेचे रूळ बनवायच्या कामावर, ओव्हरटाइमचा हावरा. ती रोज उशिरा यायची आणि खोलीत येऊन गाणं उचलायची नाही, बाहेर रस्त्यावरूनच म्हणत यायची. त्यामुळे तिची ओळ नेहमी आमच्या अर्धा पाऊल मागे असे. आम्ही हसायचो, ती म्हणायची, "तुमीच घाई करून राहिल्या, मी तर बरोबर आहो." कावीळ झाली म्हणून बहिणीकडे अमरावतीला गेली, ती तिथेच वारली. त्या वर्षीच्या भुलाबाईत तिची जागा आम्ही सोडली. मग सोडतच राहिलो.

"पोरी, एक काम कर," मी म्हणाले. "ती जागा भरू नको."

"आजी, शुभंकर सर हेच तर म्हणून राहिले, की भरा."

"तिथे कोणी नाही असं समजून तू बाकीच्यांना तिकडे सरकवून राहिली. सरकवू नको. तिथे कोणी बसली आहे असं समज. ती दारातून सगळ्यांना जशी ऐकेल तसं लाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती नाव नसलेली ओळ निवडून टेबलाकडे वळली.

संध्याकाळपर्यंत तिची मान डोलत होती.

मी चहा ठेवला. बाहेर कोणाची तरी लुना सुरू होत नव्हती. खोलीत पंखा बंद, घाम, आणि तिच्या बोटांची टिकटिक.

मग टिकटिक थांबली.

"आजी."

"हं."

"ही एक बाई लेट कावून उचलते?"

मी कप खाली ठेवला.

"कोणती?"

"ही, दारापाशी. बाकी सब बरोबर आहे, ही आधा बीट मागे. आधी नव्हती ना ही?"

"काढू नको तिला," मी म्हणाले.

"काढणार कशी? कोणत्याच ट्रॅकवर नाही आहे ती."

तिने गाणं तसंच पाठवून दिलं.

शुभंकरचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. मी कणीक मळत होते. त्याचा आवाज बदललेला होता. त्याने मिक्सिंग मोटारीत ऐकलं होतं, आईच्या साध्या मोबाईलवर ऐकलं होतं, स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकलं होतं. सगळीकडे उभं राहतं, तो म्हणाला, कुठेच पडत नाही. गाणाऱ्या मुलींना त्याने नको म्हणून कळवलं होतं.

"आणि ती दाराजवळची बाई," तो म्हणाला, "ती जीव आहे सगळ्याचा. आधीच्या दोन्ही वेळी तिला झाकून कशाला ठेवलं होतंस?"

प्रांजलीने माझ्याकडे पाहिलं. माझे हात पिठात होते.

"चुकलं, सर," ती म्हणाली.

वच्छलाबाईंना मी फोनवर एवढंच सांगितलं की तोंडं आपलीच राहिली. "मंग लुगडं वाया नाही गेलं," त्या म्हणाल्या, आणि मला कळलं की त्या रडत आहेत.

प्रकाशन सिव्हिक सेंटरच्या सभागृहात झालं, रविवारी दुपारी. रसमड्याहून, दुर्गहून, रायपूरहून मराठी माणसं आली. खुर्सीपारहून एका शाळेच्या मुली बाईंबरोबर आल्या होत्या. खुर्च्या भरल्या, पोरं पायऱ्यांवर बसली, भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. आम्ही पहिल्या रांगेत, गजरे माळून. प्रांजलीचं नाव पडद्यावर माझ्या दोन्ही हातांएवढ्या अक्षरांत आलं. मग दिवे मंद झाले आणि त्या प्रचंड स्पीकरांतून आम्ही गायलो.

मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे, बक्षिसं, निरोपसमारंभ पुष्कळ पाहिले. असं कधी पाहिलं नाही. दुसऱ्या कडव्याला मागच्या बायका म्हणू लागल्या. तिसऱ्याला उभे असलेले पुरुष टाळी धरू लागले. वच्छलाबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. थकलेले म्हणून बाजूला ठेवायला निघालेले ते आवाज छतापर्यंत गेले, आणि कुठेही चिखल झाला नाही. गाणं संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं.

मी लोकांचे चेहरे बघायला मागे वळले.

डाव्या दाराशी, शेवटच्या रांगेत, कडेची सोडून आतली एक खुर्ची. तिथल्या खुर्च्यांची बसायची फळी उठलं की आपोआप वर दुमडते. एवढी माणसं उभी असताना त्या खुर्चीवर कोणी बसलेलं नव्हतं, आणि फळी खाली होती.

टाळ्या चालूच होत्या. फळी सावकाश वर गेली.

शेजारच्या कडेच्या खुर्चीवर शाळेची एक मुलगी तेवढी अजून मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. तिने वर न बघता गुडघे बाजूला घेतले, कोणाला तरी जायला वाट द्यावी तसे.