वीतभर अंतरावर

मावशीला एखादी गोष्ट दाखवायची असली की नुसतं बोट पुरत नसे, छत्री लागायची. ऊन असो, नसो, ती लांब मिटलेली छत्री हातात असायचीच. आणि त्या दिवशी जुन्या चौकात पाऊल टाकल्यापासून तर ती नुसती गरगरत होती.

"ते बघ घड्याळ! तो बघ राजा! आणि ते... अगं बाई, ते घोडे तर बघ!"

चौक होताच तसा. तिन्ही बाजूंनी दगडी कमानी आणि मधोमध भलंथोरलं कारंजं. त्यात चार दगडी घोडे पाण्यातून उसळून बाहेर येत होते आणि त्यांच्या नाकपुड्यांतून फवारे उडत होते. बरोबर आलेली भाची छत्री फिरेल तिकडे मान वळवत होती. घोड्यांची पाळी आली तेव्हा मात्र छत्रीचं टोक कुणाच्या तरी कानामागे अडकलं. एक चष्मा हवेत उडाला, त्यानं छानशी गिरकी घेतली आणि – डुबुक! घोड्यांच्या पायाशी, फेसात गुडूप.

चष्म्याचा मालक उलट्या पावली सरकत आपल्या भावाचा आणि वहिनीचा फोटो काढत होता. तो होता तिथंच थांबला.

"दादा," तो म्हणाला, "कुणी दिवे घालवले का रे?"

भाचीला हसू आवरेना. मावशी बिचारी पांढरीफटक पडली. तिची मैत्रीण – आयुष्यभर दवाखान्यात नर्स, निवृत्त झाली तरी सगळ्यांची सिस्टरच – पुढं झाली आणि तिनं त्याचा कान उलटसुलट करून पाहिला. "कान शाबूत आहे. आरडाओरडा करायचं कारण नाही."

"मी कुठं ओरडलो?"

त्याचा भाऊ कठड्यावर पाय ठेवतोय तोच पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. आत उतरायचं नाही! संध्याकाळी फवारे बंद होतात, तेव्हा मीच काढून देईन, असं सांगून तो मिशीत हसला.

"नंबर काय तुमचा?" भाचीनं विचारलं. "उणे पाच?"

"सव्वापाच. कसं ओळखलंत?"

"मघापासून तुम्ही माझ्याऐवजी त्या खांबाशी बोलताय."

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर माणसं तिच्यासमोर बसायची, भिंतीवरची अक्षरं वाचायची. पण त्याआधी प्रत्येकाची नजर तिच्या डाव्या गालावर जाऊन यायची. डोळ्याखालून थेट हनुवटीपर्यंत गडद जन्मखूण होती तिला, चहा सांडल्यासारखी. कुणी विचारायचं, "भाजलंय का हो?" कुणी न विचारता दोनदा बघायचं. त्याचंही तिला आता फारसं काही वाटत नसे. वाटलं होतं ते एकाच माणसाचं. फार गोड बोलायचा तो... पण फोटो काढताना दर वेळी म्हणायचा, "जरा उजवीकडे वळ ना." एके दिवशी ती वळली, ती सरळ घरीच निघून गेली. डावी बाजू लोकांपासून लांब ठेवायची सवय मात्र तेव्हापासून लागली ती लागलीच.

"भावजींना असं सोडून आम्ही त्या घड्याळाच्या मनोऱ्यावर कसं जायचं?" वहिनी म्हणाली. लग्नाला फार दिवस झाले नसावेत. तिचे डोळे केव्हाच मनोऱ्याच्या पायऱ्या चढू लागले होते.

"जा गं तुम्ही!" मावशी म्हणाली. "चूक माझी आहे. माझी भाची दाखवेल त्याला चौक, डोळ्यांचंच काम करते ती. आमचे गुडघे काही आता पुढं यायला तयार नाहीत. आणि ही छत्री ने बाई. आज माझ्या हातात नको."

अशी सगळ्यांची सोय झाली, आणि हे दोघं तेवढे समोरासमोर उरले.

"चला," ती म्हणाली. "काय दिसतंय तुम्हाला?"

"पुढं काहीतरी हिरवं आहे. त्याच्यावर काहीतरी पांढरं आहे."

"तो राजाचा पुतळा. घोड्यावर बसलाय आणि डोक्यावर कबूतर."

"आणि हातात?"

"हातात..." तिला लहर आली. "हातात छत्री."

"राजाच्या?"

"ऊन लागत असेल."

त्यानं मान डोलावली. "शहाणा राजा. आमच्याकडे यायला हवा होता, भट्टीपुढं."

त्याची बेकरी होती. पहाटे भट्टी उघडली की चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून तो चष्मा काढूनच ठेवायचा. पीठ किती मळायचं ते हाताला कळतं, म्हणाला. त्याच्या पावाची गाडी रोज सकाळी तिच्याच गावावरून जायची.

"म्हणजे मी तुमचा पाव खाल्लाय?"

"कसा होता?"

"जरा कडक."

"तो दादानं केलेला."

दुपार अशी चौकभर भटकण्यात गेली. ती सांगायची, तो ऐकायचा, मधूनच अवघड प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येईना की ती बिनदिक्कत थापा मारायची. गंमत म्हणजे या माणसाच्या कुठल्या बाजूला चालायचं, हे तिनं एकदाही ठरवलं नाही. ज्याला राजाचा घोडा म्हणजे नुसता हिरवा गोळा, त्याच्यापासून काय लपवायचं? किती वर्षांनी तिची मान अशी मोकळी वळत होती!

कमानींच्या मागं एक लहानसं कारंजं होतं. भिंतीतल्या दगडी माशाच्या तोंडातून पाण्याची बारीक धार पडत होती. तो खाली वाकला आणि दगडाला नाक लावून निरखू लागला.

"इथं बेडूक आहे."

"थापा मारायचं काम माझं आहे हं!"

"अहो, खरंच. कोरलाय, माशाच्या पोटाखाली. बघा तरी."

तिनं वाकून पाहिलं. होता खरा! अंगठ्याच्या नखाएवढा, गाल फुगवून बसलेला. शेजारून शेकडो माणसं गेली असतील, एकालाही दिसला नसेल.

"मला नव्हता बाई दिसला," ती म्हणाली.

"तुम्ही लांबचं बघत होता... माझ्यासाठी."

तिनं बेडकाच्या फुगलेल्या गालावरून बोट फिरवलं.

परत येताना ते मोठ्या कारंज्याजवळ पोचले, आणि वाऱ्यानं अचानक तोंड फिरवलं. चारी घोड्यांचं पाणी उडत थेट अंगावर! "अहो, पळा –" "कुणीकडे?" तिनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि छत्री उघडली. पाणी तडतड वाजत होतं. दोघं उकिडवे, गुडघ्याला गुडघा लागलेला, आणि हसून हसून दम लागलेला. मग हसू ओसरलं. तो तिच्याकडे बघत होता. त्याच्या सदऱ्याला ताज्या पावाचा वास होता. तिच्या पापणीवर एक थेंब अडकला होता, पण तो पुसायला हात उचलावा असं तिला वाटेना.

वारा पडला. दोघंही उगाच घाईनं उठले.

संध्याकाळी फवारे बंद झाले, तसा सगळा चौक एकदम शांत झाला. पहारेकऱ्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात हात घालून चाचपलं आणि चष्मा वर धरला. भाऊ आणि वहिनीनं टाळ्या वाजवल्या. मावशीनं सुटकेचा श्वास सोडला.

आता चष्मा घातला की त्याला सगळं दिसणार होतं.

तिनं केस सोडले, डाव्या गालावर ओढून घेतले आणि कमानींच्या पायऱ्यांवर बसलेल्या मावशीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "निघू या का गं? पाय दुखले माझे."

"अगं, त्याला नीट भेट तरी."

"भेटले की दिवसभर."

पण तो आलाच. चष्मा हातात, डोळ्यांवर नाही. "याची दांडी वाकलीय. बघता?"

तिनं मान खाली घालून चष्मा घेतला. सवयीची बोटं कामाला लागली. मावशी आणि सिस्टरला एकदम आठवलं की जवळून राजा बघायचा राहिलाच आहे. दोघी गुडघ्यांसकट उठून गेल्या.

"दुपारी तुम्ही केस बांधले होते," तो म्हणाला.

"तुम्हाला काय दिसलं होतं दुपारी?"

"उणे सव्वापाचला लांबचं दिसत नाही. पण वीतभर अंतरावरचं?"

तिची बोटं थांबली. रोज दुकानात दहा जणांना ती हेच समजावून सांगायची – लांबचं धूसर, जवळचं मात्र स्वच्छ. आणि स्वतःच...!

"छत्रीखाली," ती पुटपुटली.

"छत्रीखाली. सगळं दिसलं. पापणीवरचा थेंबसुद्धा."

"मग बोलला का नाहीत काही?"

"बोलायचं होतं. पण ते गालाबद्दल नव्हतं. म्हणायचं होतं की... हा वारा असाच राहू दे. पण तो लगेच पडला."

तिनं दांडी सरळ केली. ओढणीच्या टोकानं काचा पुसल्या, जरा जास्तच वेळ पुसल्या. मग केस कानामागं सारले, मान वर केली, आणि स्वतःच्या हातांनी तो चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. एक दांडी या कानावर, एक त्या. हे काम तिनं हजारदा केलं असेल. पण दर वेळी कामासाठी.

तो बघत राहिला. तीही वळली नाही.

"घट्ट होतोय?" तिनं विचारलं.

"सैल आहे. दुकानात यावं लागेल."

"सोमवारी उघडतं."

"सोमवार फार लांब आहे हो."

"मग..." ती हसली, "रविवारी ये. घरी."

'या' म्हणायचं सोडून आपण 'ये' म्हणालो, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या मात्र लगेच आलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

लांबून मावशीची हाक आली, "काय गं, झालं का त्याचं काम?"

"नाही गं मावशी," तिनं त्याच्याकडेच बघत उत्तर दिलं, "आत्ता कुठं सुरू झालंय!"