अळणी हंडीजवळच्या दोन थाळ्या

"उद्या चार वाजता हवालदार येते जी. मले घेऊन जाते."

खुर्चीवर बसायच्या आधीच रीता कापगतेने सांगून टाकले. ती चिचगडची सून. आठ दिवसांपूर्वी तिची सासू धुरपताबाई ओकत, थरथरत, झोकांड्या खात गोंदियाच्या दवाखान्यात आली आणि मेली. रक्तात विषाइतके लिथियम निघाले.

सुशिलाबाई टेंभरे यांनी चष्मा पुसला. तीस वर्षे सरकारी दवाखान्यात औषधे वाटून निवृत्त झाल्यावर बाईंनी खासगी तपासाची पाटी लावली होती. त्यांचा दीर टेकचंद गाडी चालवायचा आणि प्रश्न विचारायचा. बहुतेक चुकीचे.

"लिथियम तर बिघडलेल्या मनाचं औषध. डॉक्टर रक्त तपासत तपासत देते. तुझ्या सासूला कोणी दिलं?" बाईंनी विचारले.

"फुलचूरच्या हिमांशुच्या दुकानातली कॅप्सूल खाये. लिथियमचीच, पण पाच मिलिग्रॅमची. मन खुश राहते, माणूस इसरत नाही म्हणे. सासरे बी तेच खाते, त्यायले काही झालं नाही. म्हणून समदे म्हणते, मीच कॅप्सूला फोडून तिच्या जेवणात टाकल्या."

"टाकल्या का?" टेकचंदने विचारले.

"चूप बस," सुशिलाबाई म्हणाल्या.

चिचगडला रीताचा नवरा वीरेंद्र दारातच भेटला. तक्रार त्याचीच.

"आईनं चातुर्मासात मीठ सोडलं होतं. तिची अळणी हंडी वेगळी शिजे. त्या हंडीले हात लागे तो फक्त हिचा." बायकोकडे न पाहताच तो बोलला.

सासरे पुनाराम खाटेवर बसले होते. लोटाभर पाणी प्याले, लगेच दुसरा मागितला. चहाची कपबशी धरली तर कप बशीवर वाजायला लागला.

"म्हातारपण," टेकचंद कुजबुजला.

स्वयंपाकघरात चुलीजवळ छोटी हंडी होती. तिच्याशेजारी दोन थाळ्या पालथ्या घातलेल्या. सुशिलाबाईंनी त्या उलटून पाहिल्या, परत ठेवल्या.

हिमांशुचे दुकान फुलचूरला घराच्याच पुढच्या खोलीत होते. मागच्या बंद खोलीतून कोणीतरी फाटक्या आवाजात गाणे म्हणत होते.

"मोठा भाऊ, खुशाल. दिमाग का मरीज है. सरकारी लिथियमच्या गोळ्या आहेत, दिवसाला तीन. मीच आणतो, मीच खिलवतो," हिमांशु म्हणाला.

"झोपतो?"

"तीन हप्ते झाले, नाही."

"आणि तुझ्या कॅप्सूल?"

"एकदम सेफ, मॅडम! कंपनीचा सीलबंद माल. गिऱ्हाईक हप्त्याभरात फरक सांगते."

काउंटरखाली खलबत्ता होता. काठाला पांढरी भुकटी.

"चायसाठी अद्रक कुटतो," हिमांशु घाईने म्हणाला.

बाईंनी खलबत्ता नाकाशी नेला आणि ठेवून दिला. बाहेर येऊन खुशालच्या डॉक्टरांना फोन लावला. "तुमचा पेशंट ओरडून ओरडून मरेल. आत्ताच या, रक्तही घ्या."

दुसऱ्या दिवशी चार वाजता कापगत्यांच्या अंगणात सगळे जमले. हिमांशुही आला होता, रीताविरुद्ध जबाब द्यायला. हवालदाराने कागद काढला.

"थांबा," सुशिलाबाई म्हणाल्या. "पुनारामजी सारखे पाणी मागून राहिले, हात थरथरून राहिले. ते म्हातारपण नाही, लिथियम आहे. आणि हे तर अळणी हंडीतलं खात नव्हते. म्हणजे विष हंडीत नव्हतं. दोघांनी खाल्ली ती एकच वस्तू: कॅप्सूल."

"पण भाभी, म्हातारा वाचला अन् म्हातारीच मेली, काऊन?"

"आज बरोबर विचारलंस. मीठ! शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम बाहेर सोडत नाही, साठवून ठेवते. पण खरंच पाच मिलिग्रॅम असतं तर मीठ सोडूनही ती मेली नसती."

"मॅडम, माल कंपनीचा..."

"खुशालचा रिपोर्ट आला. रक्तात लिथियम शून्य. तीनशे मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज, आणि शून्य! तुझ्या खलबत्त्याला अद्रकाचा वासच नव्हता, हिमांशु. भावाच्या गोळ्या कुटून कॅप्सूलमध्ये भरत होतास."

हिमांशुने ओठ चाटले. "पाच मिलिग्रॅमनं गिऱ्हाईकाले काही समजतच नाही, मॅडम. दुसऱ्यांदा येत नाही. कुछ तो महसूस होना चाहिए ना?"

तो माफी मागत नव्हता. धंद्याची अडचण सांगत होता. एक म्हातारी जाळून झाली होती, सख्खा भाऊ बंद खोलीत घसा फाडत होता, आणि या माणसाला गिऱ्हाईक परत येत नाही याचे दुःख. टेकचंद कुंपणाशी जाऊन थुंकला.

हवालदाराने हिमांशुचा दंड धरला.

"आणखी एक," सुशिलाबाई म्हणाल्या. "अळणी हंडीजवळ थाळ्या दोन होत्या. दुसरी कोणाची, हे या घरात कोणी विचारलं नाही."

"ती थाळी मायी," रीता म्हणाली. "सासूबाईले एकटीनं अळणी गिळत नव्हतं. चार महिने मी बी संगतीनं तेच खाईन म्हटलं."

वीरेंद्रने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. "मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमी रोज समोर बसून जेवत होते जी."

तिने आपली थाळी धुतली, पदराने पुसली आणि पिशवीत घातली. माहेरची, देवरीची बस पाच वाजता होती.