मधे सोडलेली जागा

"लग्नाचं शूटिंग म्हनावं का भुताचं?" लक्ष्मीबाई लेकीच्या, करुणाच्या कानाशी पुटपुटली. "माझी पोरगी धुरकट, अन् रिकामं दार कसं लख्ख!"

करुणाच्या अंगावर काटा आला. सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. सेनगावात रत्नपालच्या व्हिडिओ दुकानात भरदुपारी पडदे ओढलेले, टीव्हीवर त्यानंच शूट केलेलं तिच्या भावाचं, बंटीचं लग्न. पांढऱ्या साडीतली करुणा चित्रात आली की विरघळायची... आणि मांडवामागचं घराचं दार हळूहळू स्पष्ट व्हायचं. कुणीतरी आता त्यातून बाहेर येणार, असं. एकदा नव्हे, सात वेळा!

आदल्या दिवशी घरी पाहुण्यांनीही कॅसेट पाहिली होती. चहा निवला, पण शीतलचं नाव कुणी काढलं नाही. शीतल, करुणाची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी याच रत्नपालशी तिची सोयरीक जुळली, आणि महिन्याभरात तापानं ती... हे वाक्य त्या घरात कुणी पुरं करत नसे. ती पुसेगावला मावशीकडं गेलीय, अशा आवाजात सगळे बोलत.

लक्ष्मीबाई पाणी प्यायला आत गेली, तशी करुणा रत्नपालकडं वळली.

"राग हाय का माझ्यावर?"

"न्हाई."

"मंग मलाच काहून पुसून टाकलं? पावडर कमी पडली व्हती?"

तो हसला. रिमोटवरचं बोट मात्र जागचं हललं नाही. "हा कॅमेरा आपोआप मधलं तेवढं साफ धरतो, कडंचं धुरकट. अन् तुला मी... दर बारीला कडंला ठेवलं."

"काहून?"

"मधी घेतलं असतं, तर लोक म्हनले असते, तिच्या जागी हिला बसवून राहिला."

"लोकाचं जाऊ द्या. तुमचं सांगा."

"माझं?" त्यानं मान खाली घातली. "नवरदेव सोडून सात बाऱ्या तुझ्याकडं वळलो की!"

"बंटीदादा भांडनार हाय तुमच्याशी," ती म्हणाली, आणि लाजून तिनं टीव्हीकडं पाहिलं. थांबवलेल्या चित्रात दार थरथरत होतं.

"मंग नजर मागं, त्या दाराकडं काहून जाती तुमची?" तिनं विचारलं.

"भेव वाटतं... ती बघत असंल."

लक्ष्मीबाई पेला हातात धरून उंबऱ्यात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती पुढं आली. टीव्हीतल्या त्या दारावरून तिनं एकदा डोळे फिरवले, मग रत्नपालच्या खांद्यावर हात ठेवला.

"शीतल मेली, पोरा," ती म्हणाली. "ही करुणा हाय. हिला मधी घे."