भावपट्टी

गोंदेझरी अभयारण्यात आता माहितीचे फलक उरले नव्हते. फाटकावरच पर्यटकांच्या कपाळाला पट्टी बांधत, आणि वाटाड्याच्या मनात जे दाटून येई ते त्यांच्याही मनात उतरे. "झाडाचं नाव लोक विसरतात, अंगावर आलेला काटा विसरत नाहीत," असं ही भावपट्टी घडवणाऱ्या मेंदूतज्ज्ञ डॉ. आश्लेषा वैद्य सांगत.

वाटाड्यांच्या प्रशिक्षणात रेवंता कुमरेनं त्यांना विचारलं होतं, "मॅडम, माझ्या मनातलं सगळंच त्यांना कळंल का जी?"

"विचार नाही कळणार. पट्टी फक्त भावनेची लय टिपते आणि तीच लय त्यांच्या मेंदूत जागी करते. त्यांना वाटतं, हे आपलंच."

"अन् मले राग आला तर?"

"तर लगेच कळ दाबून पट्टी बंद करायची."

चार वर्षांत रेवंताला कळ दाबावी लागली नव्हती. ती न बोलता नुसती बघे. तिची नजर जिथे थांबे, तिथे सगळ्यांच्या नजरा थांबत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिच्या गटात धनराज ठोंबरे आला. सांबरासाठी यानंच जंगलात विजेची तार टाकली होती, आणि तिला चिकटून रेवंताचा भाऊ, वनरक्षक सोमा, जागीच गेला होता. साक्षीदार फिरले. ठोंबरे सुटला. त्यानं तिला ओळखलंही नाही.

"ताई, वाघ दिसेल ना नक्की?"

"दिसंल," रेवंता म्हणाली.

तिनं त्या बारा जणांना पायीच नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडापाशी नेलं. सोमा इथेच पडला होता. खोडावरचे वाघिणीच्या नखांचे ओरखडे तिनं शांतपणे दाखवले. मग तिनं भावाचा जळालेला तळहात आठवला. त्याचा गणवेश छातीशी धरून बसलेली आई आठवली. कळ बोटाशी होती, तिनं दाबली नाही. आतून उसळलेलं सगळं तिनं येऊ दिलं, आणि ठोंबरेवर नजर रोखली.

अकरा माना वळल्या.

निवृत्त मुख्याध्यापिका कालिंदी पटवर्धन आतापर्यंत पक्ष्यांची नावं वहीत टिपत होत्या. पहिला दगड त्यांनी उचलला. मग सगळेच तुटून पडले. ठोंबरेला पळता आलं असतं, पण पट्टी त्याच्याही कपाळाला होती. तो गुडघ्यांवर बसला आणि स्वतःचंच डोकं खोडावर आपटू लागला.

रेवंता घाबरली. तिनं कळ दाबली. पट्ट्यांवरचे दिवे विझले, हात मात्र थांबले नाहीत.

"लय थांबली होती," डॉ. वैद्यांनी नंतर न्यायालयात सांगितलं. "पण राग तोवर त्यांचा झाला होता." रेवंतानं गुन्हा कबूल केला. तरी अकराही जण एकच सांगत राहिले: आम्हाला कुणी भरीला घातलं नाही, त्याचा राग आम्हालाच आला.

निकालाच्या दिवशी पोलीस रेवंताला घेऊन निघाले, तेव्हा बाहेरच्या बाकावर पटवर्धनबाई बसल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला.

"तू तर त्याला ओळखत होतीस ना? मला सांग पोरी, त्यानं माझं काय केलं होतं गं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोज आठवून बघते, काही सापडत नाही. पण तो मेला, तरी माझं अजून भागलेलं नाही."