पुस्तकाचा तिसरा तुकडा

ईस्टरला डोंगरातल्या लाकडी घरात जायचं, संत्री सोलायची आणि खुनाची कादंबरी वाचायची, हे आमच्याकडे नॉर्वेत सगळेच करतात. त्यात विशेष काही नाही. आमच्या घरचा प्रकार एवढाच वेगळा, की पुस्तक एक आणि वाचणारे तिघे. म्हणून माझा भाऊ हालवार पाव कापायची सुरी घेतो, पुस्तक दोन जागी उघडून शिवणीवर चालवतो आणि सरळ तीन तुकडे करतो. पहिला तुकडा त्याच्या बायकोला, वेंकेला, कारण तिला कशाचाच धीर नसतो. तिच्याकडून तो हालवारकडे, मग माझ्याकडे. सगळ्यांत शेवटी मी. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं, अक्षर न् अक्षर तपासून वाचायची खोड लागली, ती सुटत नाही. नियम एकच. पुढे असणाऱ्यानं मागच्याला काही सांगायचं नाही.

या वर्षीचं पुस्तक वेंकेनं शाळेच्या बँडला पैसे जमवायला भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून उचललं होतं. गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची. डोंगरातलं एक शेतघर, आणि गोठलेल्या तळ्यात पाण्यासाठी पाडलेल्या भोकात सापडलेला घरधनी. कागद पिवळा पडलेला, पण वास कसलाच नव्हता. इतकं जुनं पुस्तक आणि त्याला वासच नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

वेंकेचं आणि माझं कधीच पटलं नाही. घर अर्धं माझ्या नावावर आहे म्हणून ती मला चालवून घेते आणि हालवारसाठी मी तिला. आई-वडील गेल्यावर माझं म्हणावं असं ते एवढंच माणूस उरलंय.

पहिला तुकडा संपवून वेंके उठली आणि माझ्यासमोरची कॉफीची किटली उचलून आपल्या बाजूला ठेवली.

"मला हवी होती," मी म्हटलं.

"मग सांग, मी ओतून देईन. तू हात लावू नकोस."

हालवार हसला. "अगं वेंके, खून पुस्तकात झालाय." मग तो तुकडा घेऊन बाहेर उन्हात भिंतीला पाठ टेकून बसला. दुपारी आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. घराखालच्या तळ्यावरून, बर्फात पाडलेल्या भोकातून पाणी आणायचं काम लहानपणापासून माझं. त्यानं कोपऱ्यातल्या बादल्या उचलल्या.

"आजपासून मी आणतो."

"का रे?"

"तुझे गुडघे."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. सकाळीच आम्ही दोघं खिंडीपर्यंत स्कीवरून जाऊन आलो होतो आणि परतताना मीच पुढे होते.

मग मी तो तुकडा वाचायला घेतला. मेलेला घरधनी, त्याची विधवा, एक गडी, एक पाद्री. कुणाला बहीण नाही. माझ्या वयाची बाई नाही, औषध देणारं कुणी नाही. मी मुद्दाम शोधलं, दोनदा शोधलं. पानं साधी होती, थोडी कंटाळवाणीसुद्धा.

दुसरा तुकडा त्या दोघांचा वाचून झाला आणि घरात बोलणंच थांबलं. मी आत आले की वेंके चुलीत लाकूड सारायला उठायची. जेवताना माझं ताट टेबलाच्या पार टोकाला मांडलेलं असायचं. हालवार जेवताना माझ्या हातांकडे बघायचा आणि मी वर पाहिलं की संत्र्याकडे. दुसरा तुकडाही मी वाचून काढला. त्यातही काही नव्हतं. शेवटी माझा संयम सुटला. मी तो वेंकेच्या पुढ्यात आपटला.

"कुठल्या ओळीत आहे ते? दाखव मला."

तिनं न शोधता पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"मोठ्यानं वाच," मी म्हटलं. "नियम गेला खड्ड्यात."

वेंकेनं वाचलं. "सकाळी बर्फ पडायचा थांबला. गड्यानं दारासमोरची वाट मोकळी केली आणि तो गोठ्यात गेला."

मी वाकून ओळ पाहिली. तेच छापलं होतं, शब्द कमी नाही की जास्त नाही. वर पाहिलं तर हालवारच्या डोळ्यांत पाणी.

"आता तरी कबूल कर, तोरुन," तो म्हणाला.

"काय कबूल करू? बर्फ थांबला हे?"

"बघ," वेंके म्हणाली, "अजून जीभ चालतेय हिची."

मला संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं. वेंकेचं सोडा, तिला निमित्तच हवं असतं. पण हालवार? "तुला काय दिसतंय त्यात?" मी विचारलं.

"तुला दिसत नाही?" तो खरंच विचारत होता, अगदी काकुळतीनं. मग त्याचा आवाज कोरडा झाला. "उद्या तुला रस्त्यापर्यंत सोडतो, तिथून बस धर. पुन्हा इथं येऊ नकोस. माझ्याकडे तर नाहीच नाही. घराचं काय ते वकील बघेल."

सकाळी तिसरा तुकडा माझ्या खुर्चीवर ठेवलेला होता. दोघांचा वाचून झाला होता. मी ठरवलं, बॅग भरून दाराशी ठेवायची, शेवट वाचायचा आणि खुनी कोण ते हालवारच्या नाकासमोर धरायचं. गडी असो, पाद्री असो, माझा त्याच्याशी संबंध नाही हे एकदा त्यानं पाहिलं की माझा भाऊ मला परत मिळेल. हालवार बादल्या घेऊन तळ्यावर गेला. वेंके ताटं पुसत होती. मी वाचत राहिले.

गड्याला पकडतात. पाद्री प्रार्थना म्हणतो. मग एक ओळ आली. 'विधवेनं ओले मोजे उलटे केले आणि चुलीवरच्या दोरीवर वाळत टाकले.'

मी पुढे गेले. थांबले. मागे आले.

पुन्हा वाचली.

आणि मला हालवारबद्दल कळलं. सगळं कळलं. तपासल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, पण इथं तपासायला काही उरलंच नव्हतं. काय कळलं ते मला सांगता येत नाही. ओळीत मोजेच आहेत. इतकी वर्षं या माणसावर आपण माया केली, याची मला किळस आली.

मी तुकडा मिटला आणि कोट न घालता बाहेर पडले.

तळ्यावर ऊन इतकं होतं की डोळे उघडवेनात. हालवार भोकाशी वाकून बादली बुडवत होता. पावलं ऐकून वळला. माझा चेहरा पाहिला.

"मोज्यांपर्यंत आलीस?"

"आले."

त्यानं मान डोलावली. भरलेली बादली माझ्या वाटेतून नीट बाजूला सरकवली. मग माझ्याकडे पाठ करून भोकाच्या कडेला उभा राहिला.

मी एकदा घराकडे पाहिलं. वेंके खिडकीत होती, हातात फडकं.

तिनं पडदा ओढून घेतला.