मोडून दाखव, म्हनली वैभवी

मालेगावच्या मंगल कार्यालयात आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. मी लाइटची वायर टाकाले गेलतो. कोपऱ्यात एक पोरगी लॅपटॉपवर मेळाव्याची वेबसाइट तपासून राह्यली होती. मी डोकावलो.

"काय पाहून राह्यला?"

"कोड. मी बी मोबाइलवर पाहूपाहू शिकलो."

"साइट म्याच बनवली. मी वैभवी, रिठदची. शिकला न? मंग मोडून दाखव!"

बापा... काय रुबाब डोळ्यात!

नाव शोधाच्या चौकटीत म्या नावाऐवजी डेटाबेसले हुकूम लिहिला. साऱ्या पोरींचे पत्ते, फोन नंबर धडाधड उघडले. म्या लॅपटॉप मिटवला. पटकन.

तिचा चेहरा उतरला. "माह्या भरवशावर पोरींनी नंबर देले रे... हे झालं कसं?"

"चौकटीतलं तू जसंच्या तसं हुकमात जोडलं. म्हनून लोकाचा हुकूम बी डेटाबेस पाळते. आपला हुकूम आदी पक्का बांधाचा, नाव मागून येगळं द्याचं. मंग कोनी काईबी लिहो, थे नुसतं नावच समजते."

म्या दुरुस्त कराले हात पुढं केला. तिनं चापट मारली. "माहा कोड हाय. मीच करीन."

तेवढ्यात स्टेजवरून तिचे वडील, इंद्रभानकाका, माइकवर बोलले, "वैभवी, कर वं साइट चालू!"

सारे मागं पाहाले लागले. मले वाटलं, आता नेट गेलं म्हनून सांगते.

ती उभी राह्यली. "थांबा बाबा! माह्या हातून चूक झाली. पोरींचे नंबर बाहेर जाऊ शकतात. दुरुस्त झाल्याबिगर चालू नाई करत!"

काकांची मान खाली. अन् मी... माही छाती फुगली. काहून? माही कोन होती ती?

तिनं एकएक चौकट बसून दुरुस्त केली. "मोड आता."

म्या मोडाले जीव तोडला. दरवेळी एकच उत्तर, 'या नावाचं कोनी नाई.' ती खुदकन हसली.

"माहा नंबर पाह्यला असशीन तवा?"

"नाई. तुलेच मागीन म्हनलं."

"इथं कोपऱ्यात? मेळावा हाय, सारे माइकवर बोलतात."

गेलो न मंग! हात वायरीनं काळे. माइक धरला. "मी लखन, मानोऱ्याचा. लाइटचं काम करतो. मले पोरगी पायजे... भर सभेत चूक झाली म्हनणारी. एकच हाय तशी. तिच्या बापानं मान वर करावी."

काकांनी केली.

मागून आवाज आला, "बाबा, हो म्हना न!"